आर क्लिप ढिली पडते किंवा वेढ्यात तुटते: तार जाड करण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत तुमची ट्रॉली बांधायची शेड आहे. २५ मिमीच्या पिनेत अडकवायच्या आर क्लिपा, म्हणजे पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या भोकातून घालायच्या इंग्रजी आर आकाराच्या तारेच्या क्लिपा, तुम्ही शेडमध्येच वळवता. ४ मिमी तारेच्या क्लिपा थोड्याच दिवसांत ढिल्या पडून रानात गळतात, म्हणून तुम्ही ६ मिमी तार घेतली. त्या क्लिपा हातोडीशिवाय बसत नाहीत आणि काही तर वेढ्यातच तुटल्या. मग मधली ५ मिमी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. ट्रॉलीचा मागचा फाळका, उभं राहायचं स्टँड आणि ट्रॅक्टरला जोडायचा मुख्य हुक, तिन्हीकडे हीच पिन आणि हीच क्लिप आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

५ मिमी हे उत्तर बरोबर निघेल, पण नुसती तार बदलून अडचण सुटणार नाही. आर क्लिप ही स्प्रिंग आहे आणि तिचं गणित स्प्रिंगचंच करावं लागतं. पिनेवरून जाताना ती किती मिमी उघडते आणि ते उघडणं तारेच्या किती लांबीत वाटलं जातं, हे आधी ठरवायचं. जाडी त्यानंतर येते. तुमच्याकडे हा क्रम उलटा झालाय. त्यात तारेचा प्रकार आणि वळवण्याची पद्धत यांचाही दोष असावा असं मला वाटतं, त्याचं कारण पुढे आकड्यांत दिसेल.

सगळ्यात आधी मुख्य हुकाचं, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. भरलेली ऊस ट्रॉली, बऱ्याचदा एकामागे एक दोन, रात्रीच्या वेळी कारखान्याच्या रस्त्याला असतात. त्या हुकाच्या पिनेला आर क्लिप वापरू नका, कितीही चांगली बनवली तरी. आर क्लिप ओढली की निघते, तो तिचा गुण आहे आणि तिथे तोच धोका आहे. हुकाला लिंच पिन लावा. तिची कडी पिनेच्या टोकावरून पलीकडे पडते आणि स्प्रिंगच्या जोराने तिथेच दाबून राहते, त्यामुळे पाचट अडकून ओढलं गेलं तरी ती सहसा सुटत नाही. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये वेगळी सेफ्टी चेन हवीच, म्हणजे पिन गेली तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही. ट्रॅक्टरच्या औजारांना जी लिंच पिन येते तिचा दांडा साधारण ११ मिमीचा असतो. २५ मिमीच्या पिनेत एवढं भोक पाडलं तर टोकाला धातू कमी उरतो, म्हणून हुकाची पिन मुळातच ३० मिमी किंवा जास्त घ्या. इथून पुढचं सगळं फाळका, स्टँड आणि औजारांच्या पिनांबद्दल आहे.

आता भार कोण घेतो ते नीट वेगळं करू. फाळक्याचं किंवा स्टँडचं वजन पिन घेते, क्लिप नाही. २५ मिमीची ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) ची पिन दोन्ही बाजूंनी पट्टीत धरलेली असेल तर कातरायला तिचं दुहेरी क्षेत्रफळ सुमारे ९८० चौ.मिमी भरतं. दर चौ.मिमीला १०० न्यूटन एवढाच ताण धरला तरी ती दहा टनांच्या आसपास पेलते. क्लिपचं काम एकच, पिन आडवी सरकून बाहेर येऊ न देणं. पिनेचं स्वतःचं वजन अर्धा किलोसुद्धा नाही, त्यात खड्ड्यांचे धक्के धरले तरी क्लिपवर येणारा जोर काही किलोंचाच राहतो. तुमच्या क्लिपचा सरळ पाय वायसरच्या (वॉशरच्या) बाजूने घासून खड्डा पडलेला दिसला, तर दोष क्लिपचा नाही. पट्टीची भोकं लंबगोल झालीत किंवा पट्ट्या एका रेषेत नाहीत, म्हणून दर धक्क्याला पिन थोडी थोडी चालते. आधी ते दुरुस्त करा. तिथे जाड क्लिप घातली की रोग झाकला जातो, बाकी काही होत नाही.

क्लिपच्या भागांना मी पुढे अशी नावं वापरतो. सरळ पाय पिनेच्या भोकातून जातो. नागमोडी पाय पिनेच्या पाठीवर बसतो, त्याचा जो कमानीसारखा भाग पिनेला धरतो ती बैठक. बैठकीच्या पुढे, टोकाकडे, नागमोडी पाय सरळ पायाच्या सर्वांत जवळ येतो तो गळा. गळ्याच्या पुढे बाहेर वाकलेलं टोक म्हणजे तोंड. आणि दोन पाय जोडणारा मागचा गोल तो वेढा.

क्लिप सरकवताना गळा पिनेच्या पाठीवरून जातो, तेव्हाच ती सर्वांत जास्त उघडते. किती, ते काढायचा हिशेब सोपा आहे. पिनेची त्रिज्या घ्या, त्यातून तारेची त्रिज्या वजा करा, त्यातून गळ्यात दोन तारांमध्ये दिसणारी फट वजा करा. २५ मिमी पिन, ५ मिमी तार आणि ६ मिमी फट असेल तर १२.५ वजा २.५ वजा ६, म्हणजे ४ मिमी उघडणं. ही फट व्हर्नियरने मोजता येते, म्हणून तुमच्या हातातल्या क्लिपांचाही हिशेब लगेच करून पाहा.

आता एकाच आकाराच्या तीन जाड्या तोलून पाहू. वेढ्याचा मध्यव्यास २० मिमी, वेढ्याच्या केंद्रापासून गळा ५० मिमीवर, वेढा फक्त अर्धा, म्हणजे मागे साधं यू-वळण, आणि उघडणं ४ मिमी. ४ मिमी तारेची क्लिप बाहेर ओढायला साधारण साडेचार किलो जोर लागतो आणि वेढ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो दर चौ.मिमीला सुमारे ६३० न्यूटन. ५ मिमी तारेला ११ किलो आणि ८३०. ६ मिमी तारेला २३ किलो आणि १०४०. हे वक्र तुळईच्या साध्या सूत्रांनी काढलेले अंदाज आहेत. पिनेवर ग्रीस आहे का गंज, तोंडाचा कोन किती, यावर ओढायचा जोर बराच बदलतो. पण तिन्हींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही, आणि खरी गोष्ट त्या प्रमाणातच आहे.

उघडणं तेच ठेवून तार जाड केली की ताण कमी होत नाही, वाढतो. जाडीच्या प्रमाणात वाढतो. आणि जोर वाढतो जाडीच्या चौथ्या घाताने, म्हणून ४ वरून ६ मिमीला गेल्यावर तो पाचपट झाला. तुमचा माणूस हातोडी उचलतो ते याचमुळे. २३ किलो जोर अंगठ्याने लागत नाही. हातोडीचा घाव वेढ्यावर बसतो, तिथे ताण आधीच सर्वांत जास्त असतो, आणि तार वेढ्यात तुटते. जाड वस्तू मजबूत ही समजूत पिनेला लागू आहे, स्प्रिंगला नाही.

यातून दुसरी गोष्टही कळते. ४ मिमी तारेवर ताण आला फक्त ६३० आणि चांगल्या स्प्रिंग तारेची ताकद त्या जाडीला १५०० च्या वर असते. मग तुमची ४ मिमी क्लिप ढिली पडायलाच नको होती. पडते याचा अर्थ तीनपैकी एक. गळ्याची फट साडेतीन मिमीपेक्षा कमी असेल, तर उघडणं ७ मिमीच्या वर जातं, ताण ११०० च्या पुढे जातो आणि चांगली तारही कायमची उघडते. किंवा ती स्प्रिंगची तार नाहीच, साधी माइल्ड स्टीलची ओढलेली तार आहे. किंवा तार चांगली आहे, पण गॅसवर लाल करून वळवली आहे.

तार ओळखायची पद्धत सांगतो. ४ मिमी तारेचा सरळ तुकडा व्हाइसमध्ये असा धरा की ३०० मिमी मोकळा राहील. टोक बाजूला ६० मिमी खेचून सोडा. स्प्रिंगची तार जागेवर परत येते. साधी तार वाकलेली राहते. ५ मिमी तारेला तोच ताण आणायला ४८ मिमी खेचायचं. दुकानदार ‘हाय कार्बन’ म्हणतो एवढ्यावर तार घेऊ नका. आयएस ४४५४ भाग १ या भारतीय मानकाची स्प्रिंग तार मागा आणि ग्रेड विचारा. एसएल कमी ताकदीची, एसएम मधली, एसएच जास्त ताकदीची. क्लिपला एसएम पुरते. ५ मिमी एसएमची ताकद दर चौ.मिमीला १४५० न्यूटनच्या पुढे असते. एसएच घेतली तर वळवायला जड जाते आणि पृष्ठभागावर ओरखडा पडला की लवकर चिरते, त्यामानाने क्लिपला तिचा फायदा कमी. सांगलीत सुटी तार मिळाली नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा आणि बंडलचं टेस्ट सर्टिफिकेट बघूनच घ्या.

लाल करून वळवण्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण ही सवय सगळीकडे आहे. ही तार थंड ओढून, म्हणजे साच्यांतून खेचून कडक केलेली असते. तिची ताकद त्या ओढण्यात आहे. गॅसची ज्योत लावली की तेवढा भाग साध्या लोखंडासारखा मऊ होतो, आणि तो भाग नेमका वेढाच असतो. लाल असताना पाण्यात बुडवली तर उलटं होतं, तो भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्या-दुसऱ्या वापरातच तुटतो. तुमच्या ६ मिमीच्या तुटलेल्या तुकड्यांचा काप बघा. काप सपाट, दाणेदार आणि तार जराही न वाकता तुटलेली असेल, तर ठिसूळपणाचा संशय घ्या. तार थंडच वळवायची. ५ मिमी तार पाइपच्या तुकड्याचा लांब दांडा लावला की हाताने वळते.

आता प्रत्यक्ष आकार. तुमच्या २५ मिमी पिनेला मी ५ मिमी तार आणि अर्ध्याऐवजी दीड वेढा घेईन. सर्वसाधारणपणे तारेची जाडी पिनेच्या पाचव्या भागाइतकी धरतात, तेही जुळतं. एक पूर्ण वेढा वाढवला की वाकायला तारेची लांबी वाढते आणि त्याच उघडण्याला जोर आणि ताण दोन्ही निम्म्याच्या जरा वर येतात. मग गळा जास्त अरुंद ठेवायची मोकळीक मिळते. उघडणं ४ ऐवजी साडेपाच मिमी ठेवलं तरी ओढायचा जोर आठ किलोच्या आसपास राहतो आणि ताण ६०० च्या जवळ. तारेच्या ताकदीच्या निम्म्याहूनही कमी. अर्ध्या वेढ्यात तेच साडेपाच मिमी उघडणं केलं तर ताण ११४० ला जातो. रोज काढघाल होणाऱ्या क्लिपला मी ताकदीच्या ६५ टक्क्यांवर जात नाही, म्हणजे इथे साधारण ९५०.

मापं अशी: वेढ्याचा आतला व्यास १५ मिमी. वेढ्याच्या केंद्रापासून बैठकीचं केंद्र ३६ मिमी आणि गळा ५० मिमी. गळ्यात दोन तारांमधली फट साडेचार मिमी. बैठकीच्या कमानीची आतली त्रिज्या १३ मिमी. क्लिप मोकळी असताना सरळ पायाच्या मध्यरेषेपासून बैठकीची आतली कड १२ मिमीवर ठेवा, पिनेच्या त्रिज्येपेक्षा अर्धा मिमी कमी. तेवढ्याने ती पिनेवर हलकी दाबून बसते आणि चालत्या ट्रॉलीत खडखडत नाही. हा अर्धा मिमी विसरला तर क्लिप रात्रंदिवस हलत राहते आणि सरळ पाय भोकाच्या काठावर झिजतो. तोंड गळ्यापुढे १२ मिमी लांब, ३० अंश बाहेर. कोन ४५ केला तर बसवायला जड जातं. सरळ पाय वेढ्याच्या केंद्रापासून ७५ मिमी, म्हणजे पिनेच्या पलीकडे पंचवीसएक मिमी बाहेर. त्यामुळे सरळ पाय आधी भोकात शिरतो आणि मग तोंड पिनेला लागतं. दोन्ही एकदम लागले तर अंधारात, चिखलाच्या हाताने भोक सापडत नाही.

एका क्लिपला साधारण २५० मिमी तार लागते. एक तुकडा चाळीस ग्रॅमच्या आत भरतो, किलोत पंचवीसएक क्लिपा.

दीड वेढ्याला एक अडचण येते, ती आधीच सांगतो. दोन पाय एका पातळीत राहत नाहीत, तारेच्या जाडीइतके, म्हणजे ५ मिमी बाजूला सरकतात. नागमोडी पाय वेढ्यातून निघाल्यावर हलकं वळण देऊन परत सरळ पायाच्या पातळीत आणता येतो. ते जमत नसेल तर सरकलेला पाय आणि वेढ्याची जाडी पिनेच्या टोकाकडे राहील अशीच क्लिप वळवा, वायसरकडे नको. वायसरकडे आली तर वेढा पट्टीवर घासतो आणि क्लिप तिरकी बसते. यासाठी भोकाच्या केंद्रापासून पिनेचं टोक १३ मिमी तरी पुढे हवं. तुमच्या जुन्या पिनांना टोक ८ मिमीच असेल तर दीड वेढा सोडा, अर्ध्या वेढ्याची क्लिप करा आणि फट ६ मिमी ठेवा. ११ किलोला ती जरा ताठ लागेल, पण टिकेल.

फिक्स्चर, म्हणजे तार वळवायचा साचा, १२ मिमी जाड प्लेटवर करा. वेढ्यासाठी एक दांडा, बैठकीसाठी २५ मिमीच्या आसपासचा एक गोळा, गळ्यासाठी एक छोटा दांडा आणि सरळ पाय धरायला एक खाच. वळवून सोडल्यावर तार थोडी परत उघडते, म्हणून वेढ्याचा दांडा १५ ऐवजी साडेतेरा-चौदा मिमीचा लागतो. नेमका किती, ते तुमच्या बंडलवर ठरेल. दोन-तीन नमुने वळवून मोजा, मगच दांडा पक्का करा. बंडल बदललं की पुन्हा मोजा, ग्रेड तोच असला तरी. गळ्याच्या वळणाची आतली त्रिज्या साडेसात मिमीपेक्षा, म्हणजे जाडीच्या दीडपटीपेक्षा कमी नको. तार व्हाइसच्या दातेरी जबड्यात धरू नका. दातांची खूण हीच उद्याची चीर. तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे जबडे लावा. कापलेल्या दोन्ही टोकांची बर, म्हणजे कापताना उरलेली धार, कानशीने काढून टोकं गोल करा, नाहीतर क्लिप लावणाऱ्याचा अंगठा फाटतो.

वळवून झाल्यावर त्याच दिवशी क्लिपा भट्टीत ठेवा, २२० ते २५० अंश सेल्सिअस, अर्धा तास, मग हवेत थंड. हे टेम्परिंग नाही. वळवताना तारेत जे उलटसुलट ताण अडकून राहतात, ते यात निघतात आणि क्लिप आकार धरून राहते. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि चांगल्या तारेची क्लिपसुद्धा आठवड्यात फट वाढवून बसते त्याचं एक मोठं कारण हेच. ३०० च्या वर नेऊ नका, तिथून ताकद घटायला लागते. तुमच्या आसपास पावडर कोटिंगवाले असतीलच. त्यांची भट्टी साधारण १८० ते २०० वर चालते, पण बऱ्याच भट्ट्या २२० पर्यंत जातात. विचारून त्यांच्या मोकळ्या वेळात लावून घ्या. रंगावरून तापमान ओळखायच्या भरीस पडू नका, तारेवरच्या फॉस्फेटच्या थरामुळे रंग नीट दिसत नाही. आणि भट्टीतून आल्यावर वेढा किंचित मिटतो, गळ्याची फट थोडी कमी होते. म्हणून फट भट्टीनंतर मोजून त्याप्रमाणे फिक्स्चर जुळवा. स्टेनलेसच्या तारेला हे उलटं असतं, ती किंचित उघडते.

पिनेच्या भोकाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच चांगल्या क्लिपा खराब होतात. ५ मिमी तारेला ६ मिमी भोक पाडा. साडेपाच मिमी नव्या पिनेला चालतं, पण गंज आणि चिखल बसला की क्लिप अडकते. भोक पिनेच्या मधोमध हवं, ०.३ मिमीपेक्षा जास्त बाजूला गेलं की क्लिप एका बाजूने ताठ आणि दुसऱ्या बाजूने ढिली बसते. व्ही-ब्लॉक (पिन धरायची व्ही आकाराची खाच) आणि ड्रिल बुश (ड्रिल सरळ नेणारी नळी) यांचा साधा जिग केला तर हे जमतं, हाताने पंच मारून नाही. दोन्ही तोंडांना १ मिमीचा चाम्फर मारा, म्हणजे काठ तिरका घासून घ्या. धारदार काठ तारेवर खाच पाडतो आणि मग तार तिथून तुटते. पिन कडक करून घेणार असाल तर भोक आधी पाडा, पण कडक करताना भोकाचं टोक मऊ राहू द्या. नाहीतर भोकाच्या काठावरून पिनेलाच चिरा जातात.

भोकाची जागा हिशेबाने काढा. समजा दोन पट्ट्यांच्या बाहेरून बाहेर ६६ मिमी, वायसर ४ मिमी, मोकळीक दीड मिमी, आणि भोकाची त्रिज्या ३ मिमी. मग पिनेच्या डोक्याच्या आतल्या कडेपासून भोकाचं केंद्र साडेचौऱ्याहत्तर मिमीवर. मोकळीक एक ते दोन मिमी पुरते. पाच-सहा मिमी सोडली की पिन धक्क्यासरशी पुढे-मागे आपटते आणि क्लिप दर वेळी वायसरचा मार खाते. वायसर काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा. वायसर नसेल तर पट्टीची खडबडीत कड सरळ क्लिपला लागते.

क्लिप कोणत्या बाजूने घालायची याला आपल्याकडच्या रानात फार महत्त्व आहे. ट्रॉली फडात शिरते तेव्हा पाचट, वाडं, उसाची खुंटं खालून घासत मागे जातात. क्लिप समोरून मागे अशी सरकवा, म्हणजे वेढा ट्रॅक्टरकडे आणि टोकं मागे. मग पाचट वेढ्याला मागे ढकलतं आणि क्लिप आणखी घट्ट बसते. उलटी घातली की तेच पाचट तिला ओढून काढतं. तुमच्या ‘गळणाऱ्या’ क्लिपांपैकी काही अशा गेल्या असतील, तर तार बदलून काहीच फरक पडणार नाही. पण पिन गोल फिरली तर ही दिशा टिकत नाही. म्हणून पिनेच्या डोक्याला पट्टीचा छोटा तुकडा वेल्ड करा आणि तो कुठेतरी अडेल अशी सोय ठेवा. पिन उभी असेल तर डोकं कायम वर, क्लिप खाली, म्हणजे क्लिप गेली तरी पिन लगेच पडत नाही. क्लिप हरवू नये म्हणून वेढ्यातून बारीक साखळी ओवून पिनेच्या डोक्याला बांधा. साखळी क्लिपला वेल्ड करू नका, वेल्डची ऊब तार मऊ करते.

तयार क्लिपा तपासायच्या अशा: एक क्लिप पिनेवर वीस वेळा घाला-काढा आणि आधी-नंतर गळ्याची फट मोजा. पहिल्या एक-दोन वेळात ०.२ ते ०.३ मिमीने उघडली तर चालेल, त्यानंतर फट स्थिर राहायला हवी. विसाव्या वेळीही वाढत असेल तर तार, भट्टी किंवा फट यांपैकी काहीतरी चुकलंय. मग वेढ्याला स्प्रिंगचा लटकता काटा अडकवून ओढून बघा. दीड वेढ्याची क्लिप सहा ते दहा किलोच्या मध्ये निघाली की ठीक. तीनच्या खाली निघत असेल तर ती क्लिप टाकून द्या, पक्कडीने दाबून पुन्हा वापरू नका. एकदा ढिली झालेली तार दाबून बसवली की तिथे दुसऱ्यांदा वाकते आणि पुढच्या वेळी तुटते.

फाळक्यासाठी नेहमीच्या मापाची क्लिप बाजारात तयार मिळत असेल तर स्वतः बनवण्यात वेळ घालवू नका. तुमच्या पिनेचं माप वेगळं असेल किंवा संख्या मोठी असेल तरच फिक्स्चरचा खर्च निघतो.

राहिला गंजाचा प्रश्न. उसाचा रस आंबट असतो आणि साध्या काळ्या तारेला हंगामभरात खातो. पण झिंक प्लेटिंगला पाठवताना सावध राहा. प्लेटिंगच्या आधी तार आम्लात बुडवतात आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत टाकतात, दोन्हीकडे हायड्रोजन तारेत शिरतो. एवढ्या कडक तारेला तो आतून ठिसूळ करतो. अशी क्लिप बसवताना नीट वागते आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, पिनेवर बसल्या बसल्या आपोआप तुटते. तुमच्या तुटलेल्या क्लिपा प्लेटिंगच्या होत्या का, ते नक्की तपासा. प्लेटिंगवाल्याला आधीच लिहून द्या: आम्लात कमीत कमी वेळ, आणि प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बेकिंग, निदान आठ तास. ते करायला तयार नसतील तर फॉस्फेट करून तेलात बुडवलेल्या क्लिपा वापरा, किंवा झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) लेप घ्या, त्यात हायड्रोजनचा प्रश्न येत नाही. आधीच झिंक चढवलेली स्प्रिंग तार मिळाली तर उत्तम, मग वळवल्यावर प्लेटिंगची गरजच उरत नाही. आणि प्लेटिंगहून आलेल्या प्रत्येक लॉटमधल्या दहा-बारा क्लिपा २७ मिमीच्या दांड्यावर चढवून ४८ तास तशाच सोडा. त्यातली एक जरी तुटली तरी तो लॉट ट्रॉलीवर जाऊ देऊ नका.